तांबडीचा भाव

४ मार्च, सोमवार

तारीख मिळाली. बारा एप्रिल, शुक्रवार. निर्मात्याने फोनवर सांगितलं आणि सवयीप्रमाणे पुढे जोडलं, "होईल, होईल." पैशांचं विचारा, होईल होईल. थिएटरांचं विचारा, होईल होईल. या वहीत त्याचं नाव होईलहोईलच राहणार.

एकोणीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे दावे तपासले, मग ती नोकरी सोडून दोन वर्षं या चित्रपटात घातली. लिहिला मी, दिग्दर्शनही माझंच. पहिल्या तीन दिवसांत माणसं आली नाहीत तर दुसरा चित्रपट मला कुणी देणार नाही, आणि पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला विमा कंपनीसुद्धा परत घेणार नाही. हे एकदा लिहून टाकलं, आता पुन्हा लिहायचं नाही. चित्रपटाचं नावही लिहीत नाही. नजर लागायची.

घरी सांगितलं तेव्हा नवरा भांडी विसळत होता. ओल्या हातांनीच वळला. "मग काय, तांबडी येणार म्हणायची एकदाची!"

तांबडी म्हणजे माझी नायिका. एक दिवस घरातून उठते आणि बस डेपोत जाऊन बसते ती. पहिला खर्डा मी याला स्वयंपाकघरात वाचून दाखवला तेव्हा तिच्या अंगात तांबडा स्वेटर होता. शूटिंगच्या पहिल्याच सकाळी कॅमेरामनने नाक मुरडलं, म्हणाला हा रंग डोळ्यांत घुसेल, आणि स्वेटर हिरवा झाला. चित्रपटात तिला नाव नाही, युनिटमध्ये सगळे 'बाई' म्हणायचे. आमच्या घरात मात्र ती तांबडी ती तांबडीच.

७ मार्च, गुरुवार

होईलहोईलने प्रसिद्धीसाठी एक मुलगी नेमली आहे. चोविशीची असेल, पण आवाज असा की शेजारच्या इमारतीतल्या लोकांनाही बैठकीला आल्यासारखं वाटावं. भोंगा. आज तिने मोबाइलवर एक खेळ दाखवला, 'गल्लाबाजार'. प्रत्येक खेळाडूला खोटी नाणी मिळतात. येणाऱ्या चित्रपटांचे भाव लावायचे. भाव म्हणजे पहिल्या तीन दिवसांत चित्रपट किती लाख कमावेल त्याचा अंदाज. जास्त कमावेल असं वाटलं तर घ्या, कमी वाटलं तर विका. सोमवारी खरा आकडा आला की कोण शहाणा आणि कोण खुळा ते ठरतं. जिंकणाऱ्याला काही मिळत नाही, नुसतं यादीत वरचं नाव.

"मॅडम, आपला भाव एकशे ऐंशी आहे! म्हणजे एक कोटी ऐंशी लाख!" भोंगा वाजला. मी म्हटलं, लोकांना कामधंदे नाहीत. पण घरी येईपर्यंत तीनदा उघडून पाहिला.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. हा बांधकामांची अंदाजपत्रकं करतो. नकाशा बघून विटा किती, सिमेंट किती, मजुरी किती हे सांगणं हेच त्याचं काम, आणि आपला आकडा चुकत नाही याचा त्याला फार तोरा आहे. "अंदाज बांधायचा खेळ?" म्हणाला. "गंमत आहे. काय नाव म्हणालीस?"

१० मार्च, रविवार

आज याला पूर्ण चित्रपट दाखवला. पडदे ओढले, फोन बंद करायला लावला, हॉलमध्ये शेजारी शेजारी बसलो. संपल्यावर याने उठून पडदे सारले. मग म्हणाला, "छान आहे."

"नुसतं छान?"

"खूप छान."

एवढंच. पण याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. पहिल्या खर्ड्याच्या वेळी अगदी परीक्षक होऊन बसला होता. "तांबडी शेवटी जाते कुठे ते कळत नाही," असं म्हणाला आणि मी आठवडाभर याच्याशी बोलले नाही. तेव्हापासून शहाणा झालाय. मीही मग शेवट बदलला, तांबडीला घरी परत आणली, म्हणजे तो प्रश्नच मिटला. शिवाय बायको घर सोडून जाते असा चित्रपट बाईने काढला की लोक आधी तिच्या नवऱ्याकडे बघतात. याला कशाला तो त्रास?

चित्रपट झाल्यावर आतल्या खोलीत जाऊन बसला. रविवारीही ऑफिसचं काम सुटत नाही बिचाऱ्याचं.

१५ मार्च, शुक्रवार

भाव एकशे चाळीस.

भोंग्याने कारण शोधून काढलंय. 'ओळंबा' नावाचा कुणी खेळाडू आहे, तो आमचा चित्रपट विकत सुटलाय. नवाच आहे, पण आल्या आल्या दुसऱ्या एका चित्रपटाचा आकडा त्याने काट्यावर बरोबर सांगितला, त्यामुळे बाकीचे त्याच्या मागे धावतात. भावाखाली त्याने टीपही लिहिली आहे: 'पहिला तास खणखणीत. शेवट पोकळ. विकावा.'

नाकाला मिरच्या झोंबल्या. शेवट पोकळ! पाहिलाय कुणी अजून? पाहिलेली माणसं मोजून चार. मी, होईलहोईल, कॅमेरामन आणि कात्री. कात्री म्हणजे माझी संकलक, कॉलेजपासूनची मैत्रीण. नवरा घरचा, त्याला कशाला मोजायचं.

१९ मार्च, मंगळवार

जेवताना सहज विचारलं, "ओळंबा म्हणजे काय रे?"

याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "दोरीला वजन बांधलेलं असतं. भिंत सरळ आहे का बघायला. का गं?"

मी त्या मेल्या खेळाडूचं सगळं सांगितलं. गवंडीबिवंडी असावा, म्हटलं. पुढे जेवला नाही नीट. दाढ परत दुखायला लागली असावी. दातांच्या डॉक्टरकडे जा म्हणून किती वेळा सांगायचं?

२४ मार्च, रविवार

आज एक चांगली गोष्ट लिहिते, नाहीतर ही वही नुसतं रडगाणं होईल.

लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण नवऱ्याने माझ्या कामात इतका रस कधी घेतला नव्हता. रोज विचारतो. ट्रेलर कधी? गाण्याचं काय झालं? थिएटरं किती मिळतील? परवा मी सांगितलं की गाणं बारगळलं आणि नायिका मुलाखती द्यायला तयार नाही, तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत होता. "म्हणजे ती प्रसिद्धीला येणारच नाही?" असं दोनदा विचारलं. किती काळजी.

नणंदेचा फोन आला होता. "वहिनी, दादा तुझ्या सिनेमाचं फारच मनावर घेतोय गं. माझ्याकडे आला तरी सारखं मोबाइलमध्ये तोंड. काय एवढं म्हटलं तर म्हणे तिच्या सिनेमाचं बघतोय." मला भरून आलं. मी याला उगाच कोरडा म्हणत होते.

भाव एकशे पाच. नायिका येणार नाही हे ओळंब्याला दुसऱ्याच दिवशी सकाळी ठाऊक होतं. कोण सांगतं याला?

३० मार्च, शनिवार

वितरकाकडे बैठक. साठ थिएटरं ठरली होती. त्याने मोबाइल टेबलावर ठेवला आणि आमच्याकडे सरकवला. गल्लाबाजार. आमच्या भावाची रेघ उतारावरून घसरत आलेली.

मी म्हटलं, "साहेब, तो पोरखेळ आहे. खोटी नाणी."

"नाणी खोटी आहेत, मॅडम. पण खेळणारे रोज सिनेमा बघतात. मागचे पाच सिनेमे यांनी बरोबर सांगितले. मी बावीस देतो."

साठाची बावीस. मी होईलहोईलकडे पाहिलं. पहिल्यांदाच तो होईल म्हणाला नाही. बूट बघत बसला.

घरी येऊन याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. पाठीवरून हात फिरवत राहिला. "बावीस? पक्कं?" म्हणाला. मी म्हटलं, पक्कं.

२ एप्रिल, मंगळवार

ओळंब्याची आजची टीप, जशीच्या तशी: 'बावीसच थिएटरं. त्यात तांबडी शेवटी परत येते. तिथे लोक खुर्च्यांवरून उठतील. ३३.'

तेहतीस लाख. आणि शेवट उघड्यावर मांडून ठेवलेला. माझं डोकंच फिरलं. बावीसचा आकडा मी फक्त कात्रीला कळवला होता, होईलहोईल तर स्वतःच्या पायावर कशाला धोंडा पाडून घेईल? आणि शेवट कात्रीला कधीच पटला नव्हता. दोन वेळा कापूया म्हणाली होती. तडक तिच्याकडे गेले.

ती काम करत होती, कानांवर हेडफोन. मी ओढून काढले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पंचवीस वर्षांची मैत्री अशी विकलीस, असंही म्हणाले. मोबाइल तिच्या नाकासमोर धरला.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी साधा होता.

"तांबडी कोण?"

मी म्हटलं, "अगं, तांबडी म्हणजे आपली..." आणि तिथेच थांबले.

"आपल्या सिनेमात तांबडं काहीच नाही," कात्री म्हणाली. "मी एकेक चौकट पाहिलीय."

३ एप्रिल, बुधवार

तांबडी हा शब्द या जगात दोनच माणसांना माहीत आहे.

सकाळी याने मला चहा करून दिला. साखर बरोबर घातली होती.

५ एप्रिल, शुक्रवार

दोन दिवस काही बोलले नाही. हा समजतो, प्रदर्शनाची धाकधूक आहे.

ओळंब्याच्या सगळ्या टिपा काढून वाचल्या. दहा मार्चला, रविवारी, तो खेळात दाखल झाला. पहिला व्यवहार त्याच संध्याकाळी, माझा चित्रपट, विक्री. मला खूप छान म्हणून हा आत गेला आणि तिथे बसून माझा चित्रपट विकला. मी बाहेर याच्यासाठी गरम पोळ्या लाटत होते.

दुसऱ्या बाईच्या मागे लागला असता तर चारचौघांना सांगून रडता तरी आलं असतं. हे कुणाला सांगू? नवऱ्याने खोटी नाणी लावली म्हणून सांगू? लोक हसतील. एक पैसा गेला नाही, एक पैसा आला नाही. पण पैसे खोटे होते म्हणूनच तर तो खरं बोलला. खरं सगळं तिकडे आणि छान तेवढं माझ्या वाट्याला. वर माझ्याच तोंडून एकेक गोष्ट काढून घेऊन. मी तर समजत होते की हा काळजी करतोय. भोळी कुठली!

कात्रीला फोन केला. उचलला नाही. मेसेज केला, वाचला, उत्तर नाही.

नवऱ्याला का विचारत नाही? विचारलं तर सांगेल की गंमत होती. आणि 'गंमत होती' हे मला ऐकायचं नाही.

११ एप्रिल, गुरुवार

उद्या प्रदर्शन. याला एक संधी द्यायची ठरवलं. अंथरूण घालताना विचारलं, "खरं सांग. तुझ्या अंदाजाने किती करेल?"

चादरीचं टोक नीट खोचलं आणि म्हणाला, "दोन कोटी कुठे गेले नाहीत."

माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. दोन कोटी. मी दिवा बंद केला.

१२ एप्रिल, शुक्रवार

दुपारच्या खेळाला गेले, मागच्या रांगेत बसले. एकतीस माणसं, त्यात माझी आई आणि तिच्या शेजारणी धरून. कात्री आली नाही. तांबडी घरी परत आली तेव्हा सहा जण उठले. खुर्च्यांवरून उठले.

१५ एप्रिल, सोमवार

चौतीस लाख. त्याचा आकडा तेहतीस. यादीत पहिलं नाव ओळंबा.

होईलहोईलने फोन केला. दुसऱ्या चित्रपटाचं विचारलं तर म्हणाला, "बघू." विमा कंपनीतल्या माझ्या जुन्या टेबलावर आता एक मुलगा बसतो, हे मला आधीच कळलंय.

नवऱ्याने माझ्यासाठी रजा काढली आहे. सकाळपासून मागे मागे. "लोकांना कळला नाही गं. काळाच्या पुढचा आहे." मी हो हो म्हटलं. जेवण झाल्यावर तो आतल्या खोलीत मोबाइल घेऊन बसला, अभिनंदनं गोळा करायला, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. चहाचं आधण ठेवलं आणि गल्लाबाजारात नाव नोंदवलं. 'पाहुणी'. ओळंब्याला लिहिलं: 'अभिनंदन. आकडा इतका बरोबर कसा सांगितलात?'

लगेच उत्तर आलं. 'बांधकाम बघून भार कळतो.'

'मग मलाही शिकवा. काय चुकलं या चित्रपटात?'

वाटलं होतं, दोन ओळी लिहून मोकळा होईल. तो लिहीतच सुटला. एक झालं की दुसरं. मी आधण उतरवायचंही विसरले.

पहिल्या तासात एकही वीट सैल नाही, असं लिहिलं. डेपोतल्या खिडकीशी नायिका गाडी कुठे जाते ते विचारत नाही, खिडकीजवळची जागा आहे का तेवढंच विचारते. त्यावर लिहिलं, 'हे एक वाक्य लिहिणाऱ्या बाईला सगळं येतं. ते ऐकायला मी शनिवार-रविवारी तीनदा जाऊन आलो.' तीनदा! मला सांगून गेला होता की गाडी दुरुस्तीला टाकलीय. ते वाक्य मला फार आवडतं. आजपर्यंत कुणी त्याचं नावही काढलं नव्हतं, समीक्षकांनी नाही, कात्रीनेही नाही. दोन वर्षं मी जेवणाच्या टेबलावर ज्या बोलण्यासाठी तरसले ते हे बोलणं. ते तो एका परक्या बाईशी बोलत होता, मधे एक भिंत ठेवून.

पुढे लिहिलं, 'मग भीती वाटली. तांबडीला नव्हे, ती निघालीच होती. लिहिणारीला वाटली. तिने तांबडीला हाताला धरून घरी आणलं. तिथून सगळा भार चुकीच्या भिंतीवर आला.'

मी विचारलं, 'म्हणजे ती जायला हवी होती?'

'जायलाच हवी होती. फक्त कुठे गेली ते दाखवायला हवं होतं.'

मी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, 'लिहिणारीला हे सांगणारं घरात कुणी नसेल?'

बराच वेळ तो लिहितोय, पुसतोय, लिहितोय असं दिसत राहिलं. मग आलं, 'काही घरांत खरं बोललं की आठवडाभर बोलणं बंद होतं.'

आठवडाभर! मोजून ठेवलंय याने. एवढ्याशा गोष्टीचा इतकी वर्षं हिशोब ठेवायचा आणि तो असा चुकता करायचा, परक्या माणसांपुढे. मी काय याचा गळा धरला होता?

लिहिलं, 'ती समोर आली तर काय सांगाल?'

'छान आहे म्हणेन.'

आणि लगेच खाली, 'ती फार कष्टाळू आहे.'

माझा बांध फुटला. तोंडावर पदर दाबून रडले, आवाज आत जाऊ नये म्हणून. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. नंतर तोंड धुतलं, हात पुसले आणि एक ओळ लिहिली.

'चित्रपटात तिचा स्वेटर हिरवा आहे.'

आतल्या खोलीत खुर्ची सरकली. तिचा तो एक पाय करकरतो, तो करकरला. मग काहीच नाही.

आधण आटून गेलं होतं. पातेलं काळं झालंय, ते सिंकमध्ये ठेवलं आणि ही वही काढली. हे सगळं लिहून झालं तरी आतून आवाज नाही. मीही हाक मारलेली नाही. आठवडाभर म्हणाला होता ना, आज तर सोमवारच आहे.